दोन्ही अर्थांनी जड

नवघर रोडवर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे. आधी तिथे साड्यांचं दुकान होतं, मग मोबाइल दुरुस्ती, मग वर्षभर कुलूप. काही वर्षांपूर्वी तिथे एक्स-रे सेंटर येणार असं कळलं आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. किरणं वर येतील का, पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीचं काय, भाव पडतील का. बैठकीत सेंटरवाल्यांनी खोलीचा नकाशा दाखवला. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, यंत्र कुठे बसणार आणि भिंती किती जाड हे सगळं ठरलेलं असतं, असं सांगितलं. शिवाय भिंतींना आतून बेरियमचा गिलावा करणार होते. चार दिवसांनी टेम्पो आला. सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या दिसणाऱ्या पांढुरक्या गोण्या होत्या. पहिली गोण पाठीवर घेताना हमाल वाकला, थांबला, आणि म्हणाला, "गोण अर्धी, वजन पुरं."

बॅराइटची याहून नेमकी व्याख्या मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

त्या गोण्यांतला माल म्हणजे दळलेला बॅराइट. रसायनाच्या भाषेत बेरियम सल्फेट. दगड म्हणून तो तसा सामान्य आहे. पांढरा, राखाडी, कधी मधाळ, कधी निळसर. नखाने ओरखडा उठत नाही, सुरीने सहज उठतो. मूल्यवान खड्यांच्या दुकानात त्याला कोणी विचारत नाही, कारण इतका मऊ खडा अंगठीत टिकत नाही. पण हातात घेतला की हात किंचित खाली जातो. साधी वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड असते आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तिपटीच्या आसपास. बॅराइट साडेचार पट. लोखंड याहून जड आहे, पण लोखंड दिसतंच जड. हा दिसतो खडूसारखा आणि भरतो धातूसारखा.

नावही त्यावरूनच पडलं. ग्रीक भाषेत 'बारीस' म्हणजे जड. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आणि खर्जातला बॅरिटोन आवाज याच घरातले. आणि हे घर आपल्यापासून फार लांब नाही. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ग्रीक 'बारीस', लॅटिन 'ग्राविस' आणि संस्कृत 'गुरु' ही तिन्ही एकाच प्राचीन धातूतून आलेली भावंडं आहेत. गुरु म्हणजे मुळात जड. वृत्तातलं गुरु अक्षर, गुरुत्वाकर्षण आणि शाळेतले गुरुजी ही सगळी त्या वजनाचीच रूपं. म्हणजे एक्स-रे सेंटरच्या गोणीवर छापलेला 'बेरियम' आणि आषाढातली गुरुपौर्णिमा यांचं नातं चुलत का होईना, रक्ताचं आहे.

गंमत पुढे आहे. १७७४ साली स्वीडनच्या कार्ल शेलेने या दगडात एक नवा पदार्थ दडलाय हे ओळखलं, आणि १८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने त्यातला धातू मोकळा केला. दगडावरून धातूचं नाव ठेवलं बेरियम, म्हणजे 'जड्या'. पण तो धातू पाण्याच्या जेमतेम साडेतीन पट भरतो. स्वतःच्या दगडापेक्षाही हलका.

मराठीत मात्र 'जड' या शब्दाला दुसरा अर्थ आहे, आणि बॅराइट समजायला तोच जास्त कामाचा. जड म्हणजे चेतन नसलेलं, निश्चल, ज्याच्यावर कशाचा परिणाम होत नाही असं. बॅराइट तसाही आहे. एक लिटर पाण्यात तो अडीच मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, म्हणजे विरघळतच नाही म्हणा. साध्या आम्लाला दाद देत नाही. जळत नाही, गंजत नाही, कुणाशी बोलत नाही. या दगडाचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे माणसाने या दोन जडपणांचा उपयोग कसा शोधला त्याची गोष्ट. आणि त्यातला एक जरी जडपणा सुटला तर काय होतं, तीही.

त्याआधी हजारो वर्षं हा दगड नुसता अडचण होता. युरोपातल्या चांदी-शिशाच्या खाणींत धातूच्या शिरेला चिकटून तो निघायचा. खाणकामगार तो फोडून बाजूला टाकायचे. उचलायला जड आणि विकायला निकामी, हा खाणीतला सगळ्यात वाईट प्रकार.

पहिल्यांदा त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं ते एका चांभाराने. इटलीतल्या बोलोन्या शहरात विंचेन्झो काशारोलो नावाचा माणूस जोडे शिवता शिवता किमयेचा नाद करत होता. १६०२-०३ च्या सुमारास शहराजवळच्या मोंते पादेर्नो डोंगरावर त्याला चकाकणारे जड खडे सापडले. इतकं वजन आहे तर आत सोनं-चांदी असणारच, हा त्याचा हिशेब. त्याने ते कोळशाबरोबर भाजले. सोनं निघालं नाही. पण भाजलेला खडा दिवसा उन्हात ठेवून रात्री अंधारात आणला, तर तो आपोआप उजळायचा. कोळशाने सल्फेटचं सल्फाइड केलं होतं आणि ते उजेड साठवून हळूहळू सोडत होतं. हे कळायला पुढे शतकं गेली. त्या वेळी मात्र विद्वानांत खळबळ उडाली. उष्णता नाही, ज्योत नाही, मग प्रकाश कसा? लिचेती नावाच्या प्राध्यापकाने तर बीजेच्या चंद्राचा काळा भाग मंद दिसतो तो याच दगडासारखा स्वतःहून उजळतो, असं मांडलं. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या गॅलिलिओने १६४० साली पत्र लिहून ते खोडून काढलं. तो उजेड पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा आहे, हे त्याचं म्हणणं आजही बरोबर आहे. सोन्याच्या आशेने भाजलेल्या दगडावरून भांडण थेट चंद्रापर्यंत गेलं.

चमक दाखवून झाल्यावर दगडाला खरं काम मिळालं ते भेसळीचं. रंगवाल्यांकडे तेव्हा पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. तो महाग आणि वजनावर विकला जाणारा. वजनावर विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या मालात मिसळायला पांढरी, स्वस्त आणि जड भुकटी मिळाली तर व्यापाऱ्याला आणखी काय हवं? एकोणिसाव्या शतकात तर या भेसळीला प्रतिष्ठित नावंही मिळाली. निम्मा बॅराइट असेल तर 'व्हेनिस व्हाइट', त्याहून जास्त असेल तर 'हॅम्बर्ग व्हाइट', आणखी जास्त असेल तर 'डच व्हाइट'. गिऱ्हाइकाला कळायचं ते घरी गेल्यावर, कारण तेलात कालवलेला बॅराइट जवळजवळ पारदर्शक होतो आणि हात मारला तरी खालची भिंत डोकावत राहते. नंतर रंगवाल्यांच्या लक्षात आलं की बेताने घातला तर तो रंगाला भर देतो आणि रंगाशी भांडत नाही. मग भेसळ या शब्दाच्या जागी 'फिलर' हा शब्द आला. आज रंगात, रबरात, गाडीच्या ब्रेक लायनरमध्ये तो उजळ माथ्याने असतो.

तुमच्या घरात आजी-आजोबांचा जुना, स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो असेल तर तो जरा तिरका धरून बघा. जाड कागदावरचा असेल आणि आजोबांचं धोतर अजून स्वच्छ पांढरं दिसत असेल, तर ते पांढरेपण बहुधा बेरियम सल्फेटचं आहे. फोटोच्या चांगल्या कागदावर मसाला लावण्याआधी या भुकटीचा एक गुळगुळीत थर देत. कागदाचे तंतू झाकायला आणि उजेड परतवायला. तो कशाशी बोलत नाही म्हणून मसाला बिघडवत नाही, आणि पिवळा पडत नाही. आमच्याकडच्या अशा फोटोत आजीच्या नऊवारीचा रंग कोणालाच आठवत नाही, पण मागचा पडदा अजून लख्ख आहे.

मग एक्स-रे आले, आणि गंमत म्हणजे तिथेही बेरियम दारातच उभा होता. ८ नोव्हेंबर १८९५ ला रॉन्टगेनला अंधाऱ्या खोलीत लांबवरचा जो पडदा उजळताना दिसला, त्याला बेरियमच्याच एका क्षाराचा लेप होता. हाडं दिसू लागली, पण मऊ भागांचं काय? अन्ननलिका, जठर, आतडी या सगळ्यांतून किरण आरपार जातात. त्यांना अडवणारं काहीतरी गिळायला द्यायला हवं होतं. आधी बिस्मथच्या क्षारांची पेज देऊन पाहिली. त्यातल्या एकाने विषबाधा होऊ लागली. १९१० मध्ये जर्मनीत बाखेम आणि ग्युंथर यांनी बेरियम सल्फेट सुचवलं. बेरियमचा अणू भारी, त्यात ५६ इलेक्ट्रॉन, म्हणून किरण अडतात. आणि भुकटी विरघळत नाही, म्हणून शरीर तिला ओळखतही नाही. तोंडातून आत गेली ती तशीच्या तशी बाहेर.

बाबांना घास अडकायला लागला तेव्हा आमच्या घरात हे सगळं पुस्तकी राहिलं नाही. आधी भाकरी, मग भात, मग पाणीही छातीत थांबायचं. वजन उतरलं. घरात एक शब्द होता जो कोणी उच्चारत नव्हतं. डॉक्टरांनी 'बेरियम स्वॅलो' लिहून दिलं. बाबांना पडद्यासमोर उभं केलं, हातात पांढऱ्या घट्ट द्रवाचा कप दिला. "खडू कालवून दिलाय, वर स्ट्रॉबेरी," बाबा म्हणाले. त्यांनी घोट घेतला आणि पडद्यावर एक काळी धार खाली उतरली, पोटाच्या तोंडाशी येऊन थबकली, फुगली, आणि टोकाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झाली. डॉक्टर दोन सेकंद गप्प होते. ते दोन सेकंद मी अजून मोजतो. मग त्यांनी सांगितलं की ही चोच बहुतेक वेळा अकॅलेझियाची खूण असते, म्हणजे झडपेचा स्नायू उघडायचं विसरतो. दुर्बीण घालून खात्री करू, पण आज रात्री झोपा. दुर्बिणीनेही तेच सांगितलं. शंभर वर्षांहून जुनी तपासणी, एक कप दगड, आणि आमच्या घरातला तो न उच्चारलेला शब्द गेला.

बाबांनी ज्याचा घोट घेतला त्याचं सख्खं भावंड उंदीर मारायला वापरत. बेरियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं, आणि मोकळा झालेला बेरियम शरीराला चांगलाच ओळखतो. रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतो, स्नायू ढिले पडतात, श्वास आणि हृदय गोत्यात येतात. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये तपासणीसाठी दिलेल्या एका औषधात बेरियम सल्फेटबरोबर कार्बोनेट राहिलं होतं, आणि अनेक रुग्ण दगावले. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, दोन्ही जड. फरक फक्त दुसऱ्या जडपणाचा. यावर पोटात उपाय करायचा तर तो मला विलक्षण वाटतो: रुग्णाला सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट पाजतात. पोटात शिल्लक असलेला बेरियम सल्फेटला भेटतो आणि पुन्हा बॅराइट होतो. विषाचा परत दगड करायचा, एवढंच.

दिवाळीत आकाशात फुटणारा हिरवा रंगही बेरियमचा, बेरियम नायट्रेटचा. तो पाण्यात विरघळतो आणि धुरातून आपल्या छातीत जातो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये उत्पादकांची सुधारित मिश्रणाची मागणीही नाकारली. तरी नवघरच्या गच्चीवरून दिवाळीच्या रात्री हिरवं काही दिसतच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण एक्स-रे, फोटो, फटाके हे सगळं मिळूनही जगातल्या बॅराइटचा लहान वाटा संपवतं. मोठा वाटा जातो तो जमिनीच्या पोटात, तेलाच्या आणि वायूच्या विहिरी खणताना. आणि ही गोष्ट थेट आमच्या खाडीशी येते.

आधी हे काम काय ते समजून घेऊ. प्रेशर कुकरची शिट्टी आठवा. ती म्हणजे भोकावर ठेवलेलं एक वजन. आतली वाफ वर ढकलते, वजन खाली दाबतं, आणि दोघांचं जमलेलं असतं तोवर स्वयंपाकघर शांत. उकळत्या कुकरची शिट्टी कोणी चिमट्याने उचलली तर काय होतं हे प्रत्येक घरात एकदा तरी पाहिलेलं असतं. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर, खडकाच्या बारीक छिद्रांत वायू आणि तेल असंच दाबाखाली कोंडलेलं असतं. आपण वरून भोक पाडत जातो. त्या भोकावर शिट्टी कुठे ठेवायची?

उत्तर आहे चिखल. विहीर खणताना पोकळ नळीतून सतत चिखल खाली सोडतात. तो खालच्या दातेरी टोकातून बाहेर पडतो, टोक थंड ठेवतो, आणि नळी व विहिरीची भिंत यांच्यामधल्या फटीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतो. वर चाळणीवर चुरा गाळला जातो आणि चिखल पुन्हा खाली. या चिखलाचा दोन-तीन किलोमीटर उंच खांब विहिरीत उभा असतो, आणि तोच शिट्टीचं वजन. नुसत्या पाण्याचा हजार मीटरचा खांब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर किलो दाबतो. तोच चिखल दीडपट जड केला तर दीडशे. भोक तेवढंच, खोली तेवढीच, फक्त घनता वाढवायची. ती वाढवायला दळलेला बॅराइट. कच्छकडची बेंटोनाइट माती चिखलाला चिकटपणा देते म्हणून भुकटी तळाशी बसत नाही. बॅराइट वजन देतो. आणि तो इतका मऊ आहे की पंप आणि नळ्या झिजवत नाही, इतका निमूट आहे की खालच्या उष्णतेत कशाशी प्रतिक्रिया देत नाही. दोन्ही जडपणा इथे एकाच वेळी कामाला लागतात.

हे सुचायला वेळ लागला. १० जानेवारी १९०१ ला टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपच्या टेकडीवर विहीर उसळली तेव्हा तेलाचं कारंजं दीडशे फुटांवर गेलं आणि नऊ दिवस आवरेना. तिथला चिखल म्हणजे डबक्यात गुरं फिरवून तुडवलेला गाळ होता, अशी गोष्ट सांगतात. चिखल होता, वजन नव्हतं. १९२० च्या दशकात लुइझियानातल्या वायूच्या विहिरी वारंवार उसळू लागल्यावर बेन स्ट्राउड नावाच्या माणसाने चिखलात जड भुकट्या घालून पाहिल्या. लोखंडाचे ऑक्साइड आणि बॅराइट. बॅराइट दळणाऱ्या गिरण्या तयारच होत्या, रंगवाल्यांच्या. भेसळीसाठी उभ्या राहिलेल्या धंद्याने विहिरींवर शिट्टी बसवली.

आता नवघर. हे नाव आमच्या किनाऱ्याला इतकं आवडलंय की मुलुंड पूर्वेला एक नवघर आहे, उरणला एक आहे, आमचं भाईंदरचं आहेच, आणि खाडीचा पूल ओलांडला की वसईचं नवघर-माणिकपूर, जिथे वसई रोड स्टेशन आहे. कुरिअरवाला चारही ठिकाणी फिरून येऊ शकतो. यातली तीन नवघरं माझ्या या गोष्टीत येतात. वसईला पोर्तुगीज बसाईं म्हणत, इंग्रजांनी त्याचं बसीन केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, कागदोपत्री नाव कधीच वसई झालं. पण समुद्रात ते इंग्रजी नाव अजून जिवंत आहे. १९ फेब्रुवारी १९७४ ला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, पंचाहत्तर मीटर पाण्यात उभ्या असलेल्या 'सागर सम्राट' या ओएनजीसीच्या रिगला तेल लागलं. जागेचं नाव पडलं बॉम्बे हाय. १९७६ मध्ये त्याच्या आग्नेयेला किनाऱ्याच्या बाजूला वायूचं मोठं क्षेत्र सापडलं, त्याचं नाव बसीन. शहर मुंबई झालं तसं बॉम्बे हायचं मुंबई हाय झालं. बसीन मात्र बसीनच राहिलं. वसईकरांनी कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. बहुधा त्यांच्या नावाचा वायू समुद्रात आहे हे फार जणांना माहीत नसावं.

समुद्रातलं तेल आणि वायू नळाने उरणला येतात, तिथल्या नवघरच्या शेजारात. उरणचा वायू महानगर गॅसच्या पाइपातून मुंबई आणि मीरा-भाईंदरच्या घरांत पोचतो. आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तेव्हा आईने पहिल्यांदा निळी ज्योत लावली आणि विचारलं, "ह्याचा सिलिंडर संपत नाही ना?" त्या ज्योतीच्या दुसऱ्या टोकाला कधीतरी एक विहीर खणली गेली होती, आणि ती खणताना चिखलाच्या खांबाने वायूला खाली धरून ठेवलं होतं.

नेहमी धरता येतं असं नाही. १९८२ मध्ये मुंबई हायवर 'सागर विकास' रिगची विहीर उसळली आणि आग लागली. ८ जानेवारी १९९५ ला आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ पासरलापुडीची विहीर पेटली ती ६५ दिवस जळत होती. आणि वजन म्हणजे काय हे जगाला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात. 'डीपवॉटर होरायझन' रिगने मकोंडो विहीर खणून पुरी केली होती. तळाशी सिमेंट ओतलं होतं. आता रिग हलवायची म्हणून विहिरीच्या वरच्या भागातला, पाण्याच्या सुमारे १.७ पट जड चिखल काढून त्या जागी समुद्राचं पाणी भरायला सुरुवात झाली. म्हणजे चिमट्याने शिट्टी उचलली. हे काम नेहमीचं आहे, तळाचं सिमेंट पक्कं असेल तर काही होत नाही. ते पक्कं नव्हतं. दाबाची चाचणी घेतली होती, आकडे विचित्र आले होते, आणि त्यांचा अर्थ 'ठीक आहे' असा लावला गेला. रात्री चिखल, मग वायू वर आला आणि पेटला. ११ माणसं गेली. तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिलं. या अपघातावर खूप लिहिलं गेलं, सिनेमाही आला. दोष कुणाचा यावर खटले चालले. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: चाचणीच्या आकड्यांकडे बघणारी माणसं, आणि तासातासाला हलका होत चाललेला खांब.

हे वजन आपल्याकडे येतं कुठून? महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात थोडा बॅराइट आहे, तो नावापुरता. देशाचा जवळजवळ सगळा साठा आंध्रात कडप्पाच्या पट्ट्यात, मंगमपेटला. जगातल्या सर्वांत मोठ्या बॅराइट साठ्यांत त्याचं नाव घेतात. तिथे जायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, गुंटकल, कडप्पा करत ज्या ओबुळवारिपल्लेवरून जाते, मंगमपेट त्याच्या जवळच. बहुतेक प्रवासी त्या वेळी झोपलेले असतात. उघडी, पायऱ्यापायऱ्यांची, प्रचंड राखाडी खाण, आंध्र सरकारच्या खनिज महामंडळाची. बराचसा माल चेन्नईकडे आणि तिथून परदेशी विहिरींसाठी जातो. खाणीत आणि गिरण्यांत धूळ असते. बॅराइटची धूळ फुप्फुसात साठली तर छातीचा एक्स-रे भयानक दिसतो, सगळीकडे पांढरे ठिपके, कारण भुकटी तिथेही किरण अडवते. डॉक्टरांनी त्याला 'बॅरिटोसिस' असं नाव दिलंय, आणि ज्या थोड्या व्यावसायिक रोगांत फोटो माणसापेक्षा वाईट असतो त्यांतला हा एक. धुळीत वाळूची सिलिका मिसळलेली असेल तर मात्र माणूसही तितकाच वाईट.

सरकारदरबारी या दगडाचं वजन वरखाली होत राहिलं. २०१५ मध्ये त्याला मुरूम आणि वाळूच्या रांगेत, 'गौण खनिजां'त टाकलं. ज्याच्या नावाचा अर्थच गुरु, तो गौण. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अभ्रक, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झबरोबर त्याला पुन्हा प्रमुख खनिजांत आणलं. याचा अर्थ त्याचे पट्टे आणि परवाने आता वेगळ्या नियमांनी चालणार. या निर्णयाची बातमी तुमच्या फोनवर आली असेल तर तुम्ही ती वर सरकवली असेल. मीही एरवी सरकवली असती.

मंगमपेटचे थर शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि ते एका समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात आहेत. आजही महासागरांच्या तळाशी बॅराइटचे सूक्ष्म कण वरून पडत असतात, मेलेल्या जीवांच्या अवशेषांबरोबर. कडप्पाचा तो जुना तळ आता डोंगर-उतारावर उघडा पडलाय. तिथून तो फोडून, दळून, गोण्यांत भरून बंदरात येतो, बोटीने रिगवर जातो, पाण्यात कालवला जातो आणि विहिरीत उतरतो. विहीर पुरी झाली की चांगला चिखल पुढच्या विहिरीसाठी राखून ठेवतात. पण चाळणीवरच्या चुऱ्याला चिकटलेला थोडा बॅराइट दर वेळी पाण्यात जातो. तो विरघळत नाही. सावकाश खाली जातो आणि तळाशी बसतो.